सापसुरळीच्या पोटातला सबूत

आमच्या घरात कुणालाही काहीही झालं तरी त्याचं कारण एकच, जंत. पोर वाळलं तर जंत, फुगलं तर जंत. झोपेत दात खाल्ले, नाक खाजवलं, जेवताना पाय हलवला, सगळं जंतांमुळे; आणि उलट उत्तर दिलं तर मग विचारूच नका, ते पार डोक्यापर्यंत चढलेले जंत. हे निदान करणारी माझी थोरली आत्या. मी पाळण्यात असतानाच आई गेली, आणि आत्या, जिला नवऱ्यामागं सासरी कुणी विचारेना, आमच्याकडं राहायला आली ती चुलीसकट सगळ्या घराचा ताबा घेऊनच बसली. निजाम सरकारचा हुकूम हैदराबादेहून निघून बीडमार्गे आमच्या गावात पोचेपर्यंत शिळा झालेला असायचा. आत्याचा हुकूम चुलीपुढून निघायचा आणि गोठ्यातली म्हैससुद्धा तो ताजाच ऐकायची.

दर शनिवारी माझा इलाज व्हायचा. सकाळी वावडिंगाचा काढा, त्यावर मधात उगाळलेलं पळसाचं बी, आणि त्यावर एरंडेल. काढा उकळायला लागला की त्याचा वास ओसरीपर्यंत यायचा आणि मी वैरणीच्या गंजीमागं जाऊन बसायची. दर शनिवारी त्याच गंजीमागं! गावात लपायला इतक्या जागा असताना दुसरी कुठली शोधावी, एवढीही अक्कल त्या पोरीला नव्हती. आत्या सरळ तिथं यायची, दंड धरून ओढत न्यायची, गुडघ्यांत माझं डोकं दाबायची आणि पितळी बोंडल्याची चोच दातांच्या फटीतून आत सारायची. दुसऱ्या दिवशी मी परसाकडं जाऊन आले की काय पडलं ते काडीनं तपासायची आणि शेजारणींना त्याचं सविस्तर वर्णन ऐकवायची. माझ्या लहानपणी माझी जी काही कीर्ती गावात होती, ती एवढीच.

पण काढ्याचं एक वेळ सोडा. खरं दुःख गुळाचं होतं. आत्याचं ठाम मत असं की जंत गुळातून होतात. माणूस गूळ खातो, तो पोटात जाऊन वळवळायला लागतो. त्यामुळे मला गूळ बंद. भाकरीवर गूळतूप बंद, गुळवणी बंद, शेंगदाण्याचा लाडू बंद. घरात पुरण शिजायला लागलं की वेलदोड्याचा वास भिंतीला भोकं पाडून यायचा आणि माझ्या ताटात पिठलं पडायचं.

त्यात मी पडले मुकदमेवाल्या बापाची मुलगी. दादांचा शेजाऱ्याशी बांधावरून तंटा होता आणि ते सारखे बीडच्या कचेरीत खेटे घालायचे. आले की अंगणात पाय धुता धुता तिथल्या गोष्टी सांगायचे. हाकिम असं बोलला, अमक्याची शहादत, म्हणजे साक्ष, झाली, तमक्याकडं सबूतच नव्हता म्हणून मुकदमा खारीज. मला त्यातलं कळायचं काही नाही, पण शब्द सगळे तोंडपाठ. गावभर मी ते फेकत फिरायची. कुणी म्हणालं अमुक चिंचेवर भूत आहे, की मी कमरेवर हात ठेवून विचारायची, ‘सबूत काय?’ आज ती शेंबडी वकील मला रस्त्यात भेटली तर मी पदर डोक्यावरून ओढून दुसऱ्या बाजूनं निघून जाईन.

त्या वर्षी वैशाखात माझ्या भावाचं लग्न झालं आणि पारूवहिनी घरात आली. शिरूरची. माझ्याहून काही फार मोठी नव्हती, पण मी नवऱ्याची बहीण, म्हणून मला ‘वन्सं’ म्हणायची. फ्रॉकाच्या वयाच्या पोरीला कुणी ‘अहो वन्सं, जरा पाट सरकवता का’ म्हणालं तर तिचं जे व्हायचं तेच माझं झालं. मान अशी ताठली की खाली बघून चालता येईना. वहिनी बोलायची फार कमी. पहाटे जात्यावर बसली की मात्र घरघरीत तिचा आवाज मिसळायचा, आणि त्या ओव्यांत शिरूरचा झोका, शिरूरची चिंच, शिरूरचा भाऊ याशिवाय तिसरं काही नसायचं. पंचमी जवळ आली तसा झोकाच जास्त यायला लागला. लग्नानंतरची पहिली पंचमी, पोरीनं माहेरी असायलाच हवं. तिला न्यायला माहेरचा माणूस यायचा, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. वहिनीचं बोचकं आधीच बांधून कणगीमागं ठेवलेलं होतं.

आणि नेमकं आत्यानं जाहीर केलं की पारूलाही जंत आहेत. का? तर ती वाळलीय. आता दिवसभर आत्याच्या हाताखाली राबून कोण फुगणार होतं? पण महिनाभर वहिनीला माझ्याबरोबरीनं काढा सुरू झाला. ती निमूट प्यायची. माझ्यासारखी बोंबलायची नाही.

मुराळी आला तो नागचौथीला सकाळी. आमच्याकडं त्या दिवशी बाया भावाचा उपास धरतात, आणि दुसऱ्या दिवशी पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, भुई उकरायची नाही, का तर भुईतल्या नागाला लागेल. म्हणून पंचमीची वैरण चौथीलाच कापून ठेवायची, आणि पुरणाचे दिंड वाफेवर उकडायचे. तर चौथीला वहिनीचा मोठा भाऊ ग्यानबा गाडीवर नवी घोंगडी बांधून, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घालून दारात हजर. घुंगरं वाजली तशी वहिनीच्या हातातली फुंकणी खाली पडली. आत्या भिंतीवर हळदीनं नाग काढत होती. तिनं शेपटी पुरी केली आणि मगच वळली.

“पाव्हणं, आलाव ते बरं झालं. भगर खा अन् माघारी जा. पारूचं पथ्य चालू हाय.”

“कशाचं पथ्य, आत्याबाई?”

“जंताचं.”

ग्यानबाच्या मिशीखालचं हसू गेलं. “आमच्या घरी तर तिला कवा जंत न्हवते.”

“तुमी कवा बघितले? पोटात कंदील धरून?”

“पहिली पंचमी हाय हो. आमची माय झोका बांधून वाट बघायलीय.”

“मंग तर न्हाईच! झोक्यावर पोट ढवळतंय, जंत वर येतेत. अन् तिथं पोरगी गूळ चापणार, पुरण चापणार. म्या महिनाभर काढे दिले ते गेले वाया.”

तेवढ्यात वहिनी गोठ्यामागं धावली आणि तिला भडभडून उलटी झाली. पोटात भावाचा उपास आणि त्यावर सकाळचा काढा, कारण आत्याच्या मते औषध उपासाला चालतं. त्या काढ्यानं उपाशी बैलही ओकला असता. पण आत्यानं हळदीचा हात ग्यानबापुढं नाचवला. “ऐकू आलं? म्या काय म्हणत व्हते?”

ग्यानबा पडला मुलीकडचा माणूस. ओसरीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, “बसतो म्या. नारायणगडावर आभाळ आलंय. सिंदफणेला पाणी वाढायच्या आत निघाया पायजे, पण दुपारपतूर बसतो.” दादा म्हणाले, बहिणीच्या कारभारात ते पडत नाहीत. माझा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, म्हणाला, आत्या म्हणेल तसं. आणि विळा घेऊन जो रानात पळाला तो पळालाच. पुरुषमाणसांची ही तऱ्हा मी पुढं जन्मभर बघितली. घरात जरा काही ठरवायची वेळ आली की त्यांना वैरण आठवते.

मी आत गेले तर वहिनी कणगीमागं बसून बोचक्याची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. मला बघून म्हणाली, “वन्सं, दुपार कलली की सांगता का मला?” बस, एवढंच. पण तिच्या ओठांचा रंग बघून माझ्यासारख्या ठोंबीलाही कळलं की आज ही इथं राहिली तर हिच्यातलं काहीतरी कायमचं बसकण मारेल.

भावाची भाकरी घेऊन मी रानात गेले. तो बांधावरचं गवत कापत होता, एकेका सपाट्यात मूठ मूठ, जणू गवतच त्याला बायकोबद्दल विचारत होतं. आणि एकदम त्यानं विळा टाकला आणि उडी मारून बांधावर चढला.

“मेलो! सुंदे, मेलो म्या! सापाची मावशी कापली!”

सापसुरळीला आमच्याकडं सापाची मावशी म्हणतात. नेहमीच्या सापसुरळीला बारके पाय असतात. ही होती खडकाळ बांधात क्वचित निघणारी, पाय नसलेली. गुळगुळीत, तांब्याच्या भांड्यासारखी. माझा कॉलेजात शिकणारा नातू म्हणतो, आजी, आपल्या भागात तशी जात नाही, तुला पाय दिसले नसतील. मी त्याला म्हणते, बाबा, मी ती हातात धरली होती, तू तेव्हा कुठं होतास? आणि साप ती नव्हतीच, कारण मरता मरता तिनं डोळा मिटला आणि परत उघडला. सापाला पापणी नसते, हे नंतर नातवानंच सांगितलं. म्हणजे एवढ्यापुरता तरी तो माझ्या बाजूचा.

विळ्यानं तिचं पोट चिरलं गेलं होतं, आणि त्या चिरेतून पांढरे, बारीक, शेवयांसारखे किडे बाहेर येऊन वळवळत होते. मी वाकून बघितलं. मी ओळखलंच. मी नाही ओळखणार तर कोण? दर रविवारी त्यांच्या भाईबंदांचं काडीनं वर्णन चालायचं. ते जंत होते. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. या सापसुरळीनं जन्मात कधी गूळ खाल्ला होता?

बघा, एवढं बिनतोड आहे की नाही? आजही मला त्यात काही चूक दिसत नाही. रानात राहणारं जनावर, किडामुंगी खाणारं, गुळाची ढेप त्यानं बघितलेली नाही, आणि पोटात जंत. म्हणजे गूळ निर्दोष. म्हणजे मी निर्दोष. म्हणजे वहिनी माहेरी पुरण खाऊ शकते, आणि काय सांगावं, मीही दिंड. मी पळसाचं मोठं पान तोडलं आणि सापसुरळी जंतांसकट त्यात घेतली.

“गाड तिला!” भाऊ हात जोडत म्हणाला. “उद्या पंचमी हाय, सुंदे. कुणाला बोलू नको.”

“सबूत गाडत नसतेत,” मी म्हणाले आणि चालू लागले. अशी चालत होते जशी बीडच्या कचेरीची पायरीच चढतेय. कुणीतरी तिथंच माझ्या पाठीत धपाटा घालायला हवा होता.

घरी ओसरीवर सगळे होते. ग्यानबा खांबाला टेकून आभाळ बघत होता, दादा पान जुळवत होते, वहिनी दाराआड. मी पान आत्यापुढं, हळदीच्या नागाच्या बरोबर खाली ठेवलं आणि उघडलं.

“आत्या, सांग. हिनं गूळ खाल्लाय?”

आत्यानं पानाकडं बघितलं. हातातली वाटी सांडली. “अगं भवाने! मावशी! चौथीच्या दिवशी! कुणाच्या हातून?”

“भाऊच्या विळ्यानं. ते जाऊ दे. पोटातलं बघ.”

आत्या वाकली. बघता बघता तिचे डोळे मोठे होत गेले. “आई गं… पिल्लं! सापाची पिल्लं हायेत ही. जित्ती हायेत!”

“आत्या, जंत हायेत ते.”

“गप बस.”

“अगं, तूच तर काडीनं दावतीस! माझ्या पोटातून पडतेत तसलेच हायेत. डोळं न्हाई, तोंड न्हाई, सापाची पिल्लं अशी असतेत का?”

“तुझ्या पोटात जंतच व्हणार,” आत्या म्हणाली, “अन् मावशीच्या पोटात पिल्लंच व्हणार.”

आयुष्यात पुढं मी पुष्कळ शहाणी माणसं बघितली, पण असला निकाल कुणाला देता आला नाही. मी दादांकडं वळले. “दादा, तुमी तरी सांगा. हा सबूत हाय का न्हाई?” दादांनी पानाला चुना लावला. “पोरी, हाकिम सख्खी बहीण असली की अपील चालत न्हाई,” म्हणाले आणि पान तोंडात घातलं, म्हणजे पुढं बोलायला नको.

मग जे झालं ते मी सांगते, पण माझा अजून जळफळाट होतो. आत्यानं त्या जंतांना हळदकुंकू वाहिलं. ज्या जंतांसाठी माझं नाक दाबलं जायचं, त्यांच्यापुढं लाह्या ठेवल्या, वाटीत दूध ठेवलं, पदर पसरून म्हणाली, लेकराकडून चूक झाली, त्याच्या वंशावर कोप करू नका. एवढ्यात भाऊ आला तर त्यालाही लोटांगण घालायला लावलं. माझा भाऊ, धडधाकट गडी, जंतांपुढं आडवा! मी ओरडत होते, पाय आपटत होते, आणि आत्या म्हणत होती, बघा, हिचे जंत चवताळलेत.

तेव्हा दाराआडून वहिनीचा आवाज आला. सासरी आल्यापासून पहिल्यांदा तिनं चार माणसांत तोंड उघडलं, आणि तेही माझ्या नावानं. “वन्सं, आत्याबाईंना म्हणावं, नाग म्हंजी बाईचा भाऊ. आज भावाचा उपास. माझा भाऊ सकाळधरनं दारात ताटकळतोय अन् मला आत ठेवलंय. म्हणून तर मावशी आडवी आली नसंल ना?”

ग्यानबानं हळूच मान वर केली. आत्याच्या हातातला पदर तसाच पसरलेला. तिनं भिंतीवरच्या नागाकडं बघितलं, ग्यानबाकडं बघितलं, जमिनीवर पालथ्या भाच्याकडं बघितलं.

“पारू,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, “बोचकं घे. तिथं गेल्यावर वारुळाला दूध घाल. नवऱ्याच्या नावानं माफी माग. अन् गूळ खाऊ नको.”

“न्हाई, आत्याबाई.”

पण आत्या ती आत्याच. लगेच माझ्या भावाला म्हणाली, “गाडी वढ्यापलीकडं जाईस्तवर पिल्लांस्नी काय झालं तर पळत जाऊन पारूला माघारी आणायचं. असला दोष घेऊन शिवेबाहेर जाऊ द्यायची न्हाई. सुंदे, तू इथं राखण बस. तूच आणलंस, तूच सांभाळ.”

बैल जुंपले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गाडीपाशी गेले. वहिनी घोंगडीखाली बसली होती, बोचकं मांडीवर. ती पाणी प्यायली, तांब्या देताना वाकली आणि माझ्या कानात म्हणाली, “वन्सं, जंतच हायेत ते. म्या शेळ्यांमागं असताना लई बघितलेत.”

मी गाडीचं चाक धरलं. “तुला ठावं व्हतं? मंग कावून बोलली न्हाईस?”

“बोलले असते तर इथंच बसले असते,” ती म्हणाली आणि हसली. गाडी हलली.

मी ओसरीवर परत येऊन पानापाशी बसले ती नुसती धुमसत. मी खरं बोलले तर मला भवाने, आणि ही खोटं पांघरून गाडीत! ती हसताना सुंदर दिसत होती, याचाही राग आला. इतक्या वर्षांनी मला वाटतं की त्या दिवशी त्या घरात एकच शहाणं माणूस होतं आणि ते गाडीत बसून निघालं होतं. पण तेव्हाच्या त्या पोरीला असलं काही सुचलं नाही. ती गुडघ्यांत तोंड खुपसून बसली, राखण करायचं सोडून.

आणि पलीकडच्या चांदबीची काळी कोंबडी आली. श्रावणात आमच्याकडं कोंबडीला कुणाचं भय नसतं. तिनं मान वाकडी करून पानाकडं बघितलं, एक पाय हळदकुंकवात ठेवला, आणि मी ‘हाड’ म्हणेपर्यंत पिल्लं, जंत, जे काय होतं ते, शेवयांसारखं टिपून मोकळी झाली. वर दुधात चोच बुडवली.

मी ओढ्याकडं बघितलं. गाडी अजून अलीकडंच होती. उताराला लागली होती, घोंगडीचं लाल टोक हलत होतं. भाऊ अंगणात उभा, धोतर खोचून, पळायला तयार.

“सुंदे!” आतून आत्या ओरडली. “पिल्लं हायेत का गं?”

कोंबडीनं खाल्ली, हे शब्द माझ्या जिभेवर आले. अगदी टोकावर. तेवढंच तर खरं होतं, आणि खरं बोलण्याची मला खोडच होती.

“गेली, आत्या,” मी म्हणाले.

आत्या धावत दारात आली. “कुठं गेली?”

“वारुळाकडं. दूध पिऊन गेली. वळीनं.”

आत्यानं रिकाम्या पानाकडं बघितलं, कमी झालेल्या दुधाकडं बघितलं, आणि डोळे मिटून हात जोडले. कोंबडी खांबाला चोच पुसत उभी होती. मीही हात जोडले. ओढ्यात बैल जरा थबकले, ग्यानबानं काहीतरी ओरडून शेपटी पिरगाळली, चाकं दगडांवरून खडखडली, आणि गाडी पलीकडचा चढ चढून गेली.